दुसऱ्याचा शिक्का

माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांच्या खोक्यामागे, दीड वर्षं दुसऱ्याच्या कंपनीचा शिक्का होता. गोल, मधोमध अरबी अक्षरं, कडेने इंग्रजी. हे वाचून दुबईत राहणाऱ्यांच्या पोटात गोळा येईल आणि पुण्या-मुंबईकडचे म्हणतील, बरं मग? म्हणून आधीच सांगून टाकते. या देशात नुसत्या सहीला कुणी हिंग लावून विचारत नाही. घरभाड्याच्या करारावर शिक्का, शाळेच्या पत्रावर शिक्का, ऑफिसात पाण्याच्या बाटल्या उतरवून घेतल्या तरी पावतीवर शिक्का. शिक्का मारला की ती कंपनी बोलली असं धरतात. आणि मी तो बिनदिक्कत वापरत होते.

आमची कंपनी चिप विकायची. खायचे नव्हेत, हे माझ्या नणंदेला मी चार वेळा सांगितलंय. सेमीकंडक्टर. नखाएवढे काळे तुकडे, ज्यांच्यावाचून लिफ्ट हलत नाही, एसी चालत नाही आणि लढाईतलं ड्रोनही उडत नाही. सगळी गोची तिथेच आहे. ज्या देशात या चिप तयार होतात तिथल्या सरकारला सतत धास्ती असते, की आपला माल दुबईमार्गे भलत्याच्या हाती पडेल. म्हणून प्रत्येक खेपेमागे एक फॉर्म असतो. हा माल आम्हीच वापरणार, अमुक वस्तूत वापरणार, पुढे कुणाला विकणार नाही, अशी गिऱ्हाइकाची हमी. त्याला आम्ही एंड-यूजर फॉर्म म्हणायचो. खाली गिऱ्हाइकाची सही आणि शिक्का. हे फॉर्म भरणं, तपासणं, फायलीत लावणं ही माझी नोकरी.

आणि शिक्के घेऊन यायचे अंकल. वसईचे कॅथलिक, साठी ओलांडलेले, शेठजींच्या खालोखाल कंपनीत सगळ्यात जुने. व्हॅन चालवायचे, माल पोचवायचे, कागद फिरवायचे. बायको वसईला, हे इथे अल कुसैसला माझ्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एका खोलीत. रोज सकाळी जाताना मला व्हॅनमध्ये घ्यायचे. मला गाडीत मळमळतं. थांबत-थांबत चालणारी गाडी असली की विचारूच नका. म्हणून डॅशबोर्डवर माझ्यासाठी आवळासुपारीची डबी ठेवलेली असायची. संपली की स्वतःच नवी आणायचे, मी कधी आणल्याचं मला आठवत नाही.

शारजात आमचा एक मल्याळी गिऱ्हाईक होता. इंडस्ट्रियल एरियात छोटं वर्कशॉप, लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवायचा. माणूस सरळ, पण माल सारखा लागायचा आणि थोडाथोडाच घ्यायचा. म्हणजे दर खेपेला नवा फॉर्म, दर फॉर्मला शारजाची वारी आणि तो ट्रॅफिक. एका कागदावर गोल ठसा उमटवायला माणसाचा अर्धा दिवस खलास. एकदा मी आकडा चुकीचा टाकला, माझीच चूक, आणि अंकलना एकाच दिवसात दोनदा जावं लागलं. तिकडे कुठल्याशा इमारतीतली लिफ्ट बंद म्हणून तो फोनवर रडतोय, इकडे गोडाऊनवाला कागदाशिवाय माल सोडत नाही. माझं डोकंच फिरलं.

"अंकल, त्याला सांगा, एक जादा शिक्का बनवून द्या. आणि पंचवीस-तीस कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवा म्हणावं. मी ठेवते माझ्याकडे."

"बाय, हे बरोबर नाय," अंकल म्हणाले. "ज्याचा शिक्का त्याच्याकडेच बरा."

"मग जा रोज शारजाला! मला काय?"

"तू जा म्हणतेस तेव्हा जातोच ना मी."

ते चार-पाच दिवस टाळत राहिले. मी मात्र मागेच लागले. विचारलंत का, विचारलंत का, एवढं साधं काम होत नाही का तुमच्याकडून. असंच बोलले, शब्द लपवत नाही. शेवटी एका दुपारी त्यांनी सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आणि तो शिक्का माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी म्हणाले, "बघा, किती सोपं होतं!"

एक गोष्ट मात्र छातीवर हात ठेवून सांगते. त्या दीड वर्षात एकही चिप इकडची तिकडे गेली नाही. फॉर्ममध्ये लिहिलं तेवढाच माल गेला आणि तो लिफ्टमध्येच बसला. माझ्या लेखी मी फक्त ट्रॅफिक वाचवला होता.

मग ऑक्टोबरात शेठजींनी सगळ्यांना बोलावलं. आमचे शेठजी सिंधी, बर दुबई भागात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेले, नव्या माणसालाही आधी कडक चहा पाजून मग काम सांगणारे. म्हणाले, युरोपातली एक मोठी कंपनी आपल्याला विकत घेतेय. टाळ्या पडल्या, कुणी अरबीत मबरूक म्हणत अभिनंदन केलं. शेठजींनी हात वर केला. "शादी दो की है, पर हां तीन सरकारों की चाहिए." चिप जिथे तयार होतात ते सरकार, खरेदी करणारी कंपनी जिथली आहे ते सरकार आणि इथलं. परक्या कंपनीने चिपच्या धंद्यात हात घातला की सगळी सरकारं कान टवकारतात, या गोडाऊनच्या किल्ल्या उद्या कुणाच्या हातात जाणार म्हणून. तेव्हा मंजुरीच्या आधी खरेदी करणाऱ्या कंपनीचे वकील येऊन बसणार आणि पाच वर्षांचे सगळे एंड-यूजर फॉर्म तपासणार. घोळ सापडला तर सौदा अडकेल. आणि घोळ ज्याचा असेल त्याला मी वाचवू शकणार नाही, हे शेठजींनी हात जोडून सांगितलं.

बाकीचे केक कापायला गेले. मी माझ्या टेबलाशी जाऊन खालच्या ड्रॉवरला किल्ली लावली.

माझं घर त्या वेळी कसं होतं ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. नवऱ्याची नोकरी उन्हाळ्यात गेली होती. तो माझ्या व्हिसावर, लेक माझ्या व्हिसावर. लेक बारावीला, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू, मार्चात संपणार. माझी नोकरी गेली की व्हिसा रद्द, की मोजक्या आठवड्यांत तिघांनी सामान उचलायचं. ऐन बारावीत पोरीला उपटून कल्याणला नेलं तर तिला कोण दारात उभं करणार? वर्ष जाणार, सरळ होतं. आणि का गेलं विचारलं तर काय सांगणार, आईला शारजाचा कंटाळा आला होता म्हणून?

वकील तिघे आले. दोन तरुण आणि त्यांच्यावर एक पांढऱ्या केसांची बाई. आवाज इतका हळू की आपण आपोआप पुढे वाकतो. त्यांना काचेची मीटिंग रूम दिली. फायली माझ्या कपाटातून गेल्या, गिऱ्हाइकांच्या इंग्रजी नावांच्या क्रमाने, ए पासून. शारजावाल्याची फाइल होती एस मध्ये.

त्यानंतरचे तीन आठवडे मी अक्षरं मोजत जगले. चहाला जाताना काचेतून बघायचं, टेबलावर कुठली फाइल आहे. डी. दुसऱ्या दिवशी अजून डीच. मग एकदम जी, एच. जेमध्ये एक मोठं गिऱ्हाईक होतं, तिथे ते चार दिवस अडकले आणि मी देवाला नमस्कार केला. एलला आले तेव्हा माझं जेवण तुटलं. घरी मी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून नवऱ्यावर ओरडायचे, आणि भाजी मीच केलेली असायची. लेक दार उघडून बघायची. "ममा, व्हाय आर यू शाउटिंग? आय हॅव फिजिक्स टुमॉरो." तिला पाहिलं की मला अजूनच धडकी भरायची. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. तो आधीच दिवसभर मोबाइलवर नोकऱ्यांच्या जाहिराती बघत बसलेला, त्याला अजून काय घाबरवायचं?

पी संपता संपता शनिवार आला. मी शिक्का पर्समध्ये टाकला आणि देवळात जाते सांगून बर दुबईला गेले. देवळात गेलेच नाही. सरळ धक्क्यावर जाऊन अब्रात बसले, होडी मधोमध गेली की हात खाली सोडायचा आणि शिक्का पाण्यात टाकायचा, असा बेत. माझ्या शेजारी एक फिलिपिनो मुलगी आईस्क्रीम खात होती. पलीकडे धक्क्यावर पाटी होती, खाडीत कचरा टाकल्यास दंड. घ्या! एक गुन्हा लपवायला दुसरा गुन्हा करायची काही माझी छाती होईना. वर असंही डोक्यात आलं, की शिक्का बुडवून काय होणार, ठसे तर फायलीत बसलेत. मी पलीकडे उतरले, परतीची होडी पकडली आणि शिक्का घेऊन घरी आले. लेकीने विचारलं, "प्रसाद?" मी म्हणाले, संपला होता.

सोमवारी सकाळी व्हॅनमध्ये बसले. निम्म्या रस्त्यात मी अंकलना म्हणाले, "आज एस काढतील."

"कुठे हाय तो?"

"पर्समध्ये."

"दे."

"कशाला?"

"दे म्हणतो ना."

मी दिला. त्यांनी एका हाताने स्टीयरिंग धरून तो शर्टाच्या खिशात टाकला, चष्म्याच्या घराशेजारी. मला विचारायला हवं होतं, की तुम्ही याचं काय करणार. मी विचारलं नाही. खरं सांगते, शिक्का हातातून गेला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की मी डबीतली आवळासुपारी तोंडात टाकून खिडकीबाहेर बघत बसले.

अकरा वाजता मला आत बोलावलं. बाईंनी तीन कागद माझ्यासमोर ओळीने मांडले. पहिला दोन वर्षांपूर्वीचा शारजाचा फॉर्म, शिक्का निळा. दुसरा यंदाचा, तेच गिऱ्हाईक, शिक्का जांभळा. तिसरा आमच्याच ऑफिसचा, माल मिळाल्याची पावती, त्यावर माझ्या टेबलावरचा शिक्का. तोही जांभळा. निळी शाई संपली तेव्हा मीना बाजारमधल्या एका स्टेशनरीवाल्याकडून मी ही बाटली आणली होती. तो म्हणाला होता, निळी उद्या येईल. मी म्हणाले होते, चालेल ही, शिक्का तर उमटतो ना. उमटला खरा.

"हा फॉर्म गिऱ्हाइकाने शारजात भरला?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"हो."

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "हा शुक्रवार आहे. शुक्रवारी त्यांचं वर्कशॉप बंद असतं, असं त्यांच्या दारावरच लिहिलंय म्हणे. मग शिक्का कुठे मारला गेला?"

एक तरुण वकील पेन उघडून माझ्याकडे बघत होता. माझ्या डोळ्यांसमोर लेकीच्या भिंतीवरचं टाइमटेबल आलं, लाल, हिरव्या, पिवळ्या स्केचपेनने रंगवलेलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मी फॉर्म भरते. शिक्के अंकल आणतात."

'अंकल' असंही मी म्हटलं नाही, त्यांचं पूर्ण नाव घेतलं. वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्याच्यापेक्षा नीच वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

बाई थँक यू म्हणाल्या. मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. पाच मिनिटांनी अंकल आत गेले. माझ्या खुर्चीतून काच सरळ दिसायची. ते बसले नाहीत, उभेच राहिले, टोपी हातात. बाईंनी तेच तीन कागद मांडले. अंकलनी चष्मा लावून ते नीट पाहिले, मग खिशात हात घातला आणि शिक्का काढून टेबलावर ठेवला. बाई मागे टेकल्या. मी उठायला हवं होतं. दहा पावलांवर दार होतं. मी कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिले, आणि स्क्रीनवर काय होतं ते आजही मला सांगता येणार नाही.

दुपारी त्यांचा जबाब लेखी झाला आणि कुठे आला असेल? माझ्याकडे, फाइल करायला. अंकलनी लिहून दिलं होतं: गिऱ्हाइकाकडे जादा शिक्का मी मागितला. कोऱ्या फॉर्मवर सह्याही मीच घेतल्या. डॉक्युमेंटेशनच्या मॅडम जेवायला गेल्या की त्यांच्या टेबलावरचं पॅड घेऊन मी शिक्के मारायचो. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. खाली अंकलची सही. प्रत मिळाली म्हणून त्यावर आमचा शिक्का मारायचा होता. तो मीच मारला, जांभळा.

परतताना व्हॅनमध्ये मला हुंदका आवरेना. "अंकल, मी उद्या जाऊन सांगते सगळं. तुम्ही हे काय करून बसलात?"

"गप बस. रडलीस की तुला उलटी होते."

"अहो, नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. मी आता किती दिवस राहणार होतो?"

"असं कसं जाऊ दे? तुम्ही तर नको म्हणत होतात. मीच मागे लागले होते."

पुढच्या गाड्या थांबल्या होत्या. अंकल म्हणाले, "पोरीची परीक्षा कधी संपते?"

"मार्चात."

"मग मार्चात सांग."

पुढचं लवकर सांगते, कारण ते सगळं कागदोपत्री झालं. शेठजींनी आणि वकिलांनी ठरवलं, की चूक आपणहून चिप बनवणाऱ्या देशाच्या सरकारला कळवायची. लपवलं आणि मग सापडलं तर सौदाच काय, धंदाही बंद झाला असता. पाहणीला त्यांची माणसं आली. शारजाच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी बोर्ड मोजले, बसवलेल्या लिफ्टची कपाटं उघडून पाहिली. हिशेब चिपला चिप जुळला. मल्याळ्याला विचारलं, जादा शिक्का कुणी मागितला? तो म्हणाला, अंकलने. खरंच होतं, त्याच्यासमोर अंकलच उभे राहिले होते. मला तो फक्त फोनवरच्या आवाजाने ओळखायचा. त्याला ताकीद देऊन सोडलं. जानेवारीत मंजुरी आली, अट एकच, संबंधित कर्मचारी कंपनीत राहता कामा नये. शेठजी केबिनचं दार लावून बसले होते म्हणे.

आमच्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये निवृत्त झालेल्यांचे फोटो आहेत. हार, हातात घड्याळाची डबी, बाजूला शेठजी. अंकल त्या फोटोंवरची धूळ स्वतः पुसायचे आणि शेवटच्या खिळ्याकडे बोट दाखवून मला म्हणायचे, "ही माझी जागा हाय, बाय. कोट शिवून ठेवलाय." तो खिळा अजून रिकामा आहे. अंकल नोकरी सोडून वसईला गेले त्या दिवशी आम्हा सगळ्यांना नव्या कंपनीच्या ट्रेनिंगला एका हॉटेलात बसवलं होतं. मी परत आले तेव्हा टेबलावर आवळासुपारीची डबी होती. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

मार्च आला. लेकीचा शेवटचा पेपर झाला, ती येऊन माझ्या गळ्यात पडली, "ममा, इट्स ओव्हर!" दुसऱ्या दिवशी मी साडी नेसून ऑफिसला गेले. का साडी, कोण जाणे, कबुली द्यायला जाताना नीट दिसावं असं वाटलं असेल. नव्या साहेबांच्या केबिनबाहेर खुर्चीवर बसले. आत कुणीतरी होतं. दहा मिनिटं बसले. मग मनात आलं, निकाल लागू दे. उठले. निकाल मेमध्ये लागला, चांगला लागला. मग ॲडमिशन होऊ दे. ती झाली, पोरगी पुण्याला गेली. मग नवऱ्याला नोकरी लागू दे. तीही जुलैत लागली, त्याचा व्हिसा वेगळा झाला. आता कुठलंही कारण उरलेलं नाही. मला माझी शरम वाटते आणि ती वाटूनही मी सांगत नाही, हे त्याहून वाईट आहे.

उलट मला बढती मिळाली. फायली स्वच्छ ठेवल्याबद्दल. नव्या कंपनीत मी नियमपालनाची प्रमुख आहे. नवी माणसं आली की मी त्यांना स्क्रीनवर दाखवते, शिक्का कसा तपासायचा, शाई कशी बघायची, शुक्रवार कसा ओळखायचा. सगळे भराभर लिहून घेतात.

अंकलना मी एकदाही फोन केलेला नाही. नंबर काढते, बघते, ठेवून देते. काय बोलणार? मार्च संपला, हे त्यांनाही माहीत आहे.

नवा नियम असा आहे, की गिऱ्हाइकाने शिक्का आमच्या माणसासमोर मारायचा आणि त्या माणसाने खाली लिहायचं, माझ्या डोळ्यांदेखत मारला. नियम मीच लिहिला, तेव्हा पहिल्या खेपेला मीच जायला हवं होतं. गेल्या महिन्यात गेले. नवा ड्रायव्हर, तोच ट्रॅफिक. शारजात पोचेपर्यंत मला दोनदा गाडी थांबवायला लावावी लागली. घामाघूम होऊन मी त्या वर्कशॉपच्या दारात उभी राहिले आणि पाहते तर आत एका टेबलावर पंखा लावलेला, खुर्ची, लिंबूपाणी, आणि फॉर्म भरून, शिक्का आणि पॅड शेजारी काढून ठेवलेलं.

"आइए, आइए मैडम," मल्याळी उठून उभा राहिला. "पहले बैठिए. पानी लीजिए."

मी म्हणाले, तुम्हाला कसं कळलं मी येणार ते?

"ऑफिस से मेल आया था. मैंने अंकल को फोन पे बोला, मैडम खुद आ रही है. अंकल ने बोला, मैडम को खड़ा मत रखना, गाड़ी में उनको चक्कर आता है. नींबू पानी रखना, स्टैंप तैयार रखना, जल्दी छोड़ना." तो हसला. "हर हफ्ते फोन करते हैं. बोलते हैं लंबी छुट्टी पे हूं."

म्हणजे ते यालाही काही बोलले नव्हते. याने दिलेल्या शिक्क्यामुळे आपली नोकरी गेली, हे याला कळून वाईट वाटू नये म्हणून. मी ग्लास उचलला आणि न पिताच फॉर्मपासून लांब ठेवला.

त्याने शिक्का उचलला, पॅडवर दाबला आणि माझ्याकडे बघत, अगदी मला दिसेल असा, कागदावर मारला. निळा, गोल. मग पेन माझ्यापुढे केलं.

"अंकल छुट्टी से कब आ रहे हैं, मैडम?"

मी पेन घेतलं. माझ्या डोळ्यांदेखत मारला, या ओळीखाली सही केली.

"मार्च में," मी म्हणाले.